आखातातून परतलेले आजोबा

१९७३ नंतर खनिज तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत बांधकामे वाढली आणि रत्नागिरी-रायगडच्या अनेक गावांतील तरुणांनी तिकडची वाट धरली. तेथील वास्तव्य बहुधा नोकरीच्या व्हिसापुरतेच असल्याने साठीच्या आसपास परतणे अटळ ठरते. घरच्यांना आनंद होतो. परंतु काही महिन्यांतच हे गृहस्थ झोप लागत नाही, छातीत धडधडते, उगाच चिडचिड होते अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येतात. तपासण्या निर्दोष आल्या तरी तक्रारी थांबत नाहीत.

याचे मूळ पुष्कळदा घरातील स्थानात असते. पंचवीस-तीस वर्षे ते सुटीपुरते येणारे पाहुणे होते. बँक, शेती, मुलांची लग्ने हे सारे पत्नीने निभावले. आता तिच्या हातून कारभार काढून घेणे अन्यायाचे आहे आणि ‘तुम्ही आता आराम करा’ म्हणून त्यांना ओटीवर बसवून ठेवणेही हिताचे नाही. बागेचे शिंपणे, नातवंडांना शाळेत पोहोचवणे अशी एक-दोन कामे पूर्णतः त्यांच्यावर सोपवावीत. मोठे निर्णय पती-पत्नींनी मिळून घ्यावेत.

शरीराची तपासणी पहिल्या महिन्यातच करावी. तीव्र उन्हात राबताना पाणी कमी पडल्यास मूतखडा व मूत्रपिंडाचे विकार संभवतात. म्हणून रक्तदाब, रक्तातील साखर, क्रिएटिनीन, कोलेस्टेरॉल व ईसीजी पाहून घ्यावा. तिकडच्या गोळ्यांची व्यापारी नावे वेगळी असतात. त्यांची पाकिटे जपून डॉक्टरांना दाखवावीत. गोळ्या संपल्या म्हणून रक्तदाबाचे औषध परस्पर बंद करू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी करावी. ती मोफत होते.

आयुष्याची सारी पुंजी घराच्या नव्या मजल्यात घालू नये; आजारपणासाठी काही रक्कम वेगळी ठेवावी. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय आहे.

उदासी दोन आठवडे टिकली, जेवणावरची वासना उडाली किंवा ‘मी आता कुणाच्या उपयोगाचा नाही’ असे उद्गार वारंवार येऊ लागले, तर ते वयावर ढकलू नयेत. आपल्या डॉक्टरांशी बोलावे किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दूरध्वनी करावा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइनचा १४५६७ हा क्रमांक आहे.