व्यस्त राउटरवरील नेटवर्क-देखरेखीचा भार

संगणकजालातून कोठून कोठे आणि किती माहिती वाहते याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला नेटवर्क-देखरेख सॉफ्टवेअर म्हणतात. वर्दळीच्या राउटरवर ही नोंद ठेवण्यातच प्रोसेसर व स्मृती यांचा मोठा वाटा खर्ची पडू शकतो. हा खर्च मर्यादेत ठेवून पॅकेटे योग्य मार्गाने पुढे पाठवण्याचे राउटरचे मूळ कार्य अबाधित राखणे, हा येथे वर्णिलेल्या उपायांचा हेतू होय.

भाराची कारणे

१० गिगाबिट क्षमतेच्या इथरनेट जोडणीवरून ६४ बाइटांची पॅकेटे सलग आल्यास त्यांची संख्या सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख होते. म्हणजे प्रत्येक पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद येतात. सिस्को कंपनीने १९९६ मध्ये आणलेल्या नेटफ्लो पद्धतीत समान पत्ते, पोर्ट व प्रोटोकॉल असलेल्या पॅकेटांना एक 'प्रवाह' मानून प्रत्येक प्रवाहाची एक नोंद ठेवली जाते. खोट्या पत्त्यांवरून हल्ला झाल्यास जवळजवळ प्रत्येक पॅकेट नवा प्रवाह ठरते आणि नोंदतक्ता भरून जातो. देखरेखीची गरज सर्वाधिक असते, नेमकी तेव्हाच ती कोलमडते.

उपाय

नमुना निवड : दर हजार पॅकेटांतून सरासरी एकच तपासले जाते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली एसफ्लो पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. एखाद्या प्रकारच्या वाहतुकीचे १०० नमुने मिळाल्यास अंदाजातील त्रुटी ९५ टक्के विश्वासपातळीवर सुमारे २० टक्क्यांपर्यंत असते. १०,००० नमुन्यांवर ती २ टक्क्यांच्या आत येते.

मोजकी विचारणा : ३२ बिटांचा बाइट-गणक १० गिगाबिट वेगाला सुमारे ३.४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. ६४ बिटांचा गणक वापरल्यास दर पाच मिनिटांनी विचारणा केली तरी पुरते.

कामाची विभागणी : राउटरने केवळ नोंदी पाठवाव्यात, त्यांची साठवण, विश्लेषण व आलेख ही कामे स्वतंत्र सर्व्हरवर करावीत.

मोठ्या प्रवाहांचा शोध

क्रिस्टियन एस्टन आणि जॉर्ज व्हर्गीस यांनी २००२ मध्ये या प्रश्नावर वेगळा मार्ग सुचवला. व्हर्गीस हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे १९८१ चे पदवीधर होत. बहुतेक वाहतूक थोड्या मोठ्या प्रवाहांत एकवटलेली असते. म्हणून त्यांचीच काटेकोर मोजणी करावी, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या एका पद्धतीत नमुन्यात एकदा सापडलेल्या प्रवाहाची नोंद उघडून त्याचे पुढील प्रत्येक पॅकेट मोजले जाते. मोठा प्रवाह लवकर सापडतो, लहान बहुधा वगळला जातो आणि थोड्या स्मृतीत अधिक अचूकता साधते. २००४ मध्ये याच दोघांनी अन्य दोन सहकाऱ्यांसह वर्दळीनुसार नमुन्याचे प्रमाण आपोआप बदलणारी पद्धत मांडली. तिच्यामुळे हल्ल्याच्या वेळीही स्मृतीचा वापर मर्यादेत राहतो.

मर्यादा

हजारात एक या प्रमाणात दहा पॅकेटांची जोडणी नजरेतून सुटण्याची शक्यता सुमारे ९९ टक्के असते. त्यामुळे एकूण वाहतुकीचा अंदाज व क्षमतेचे नियोजन यांसाठी नमुना पुरेसा ठरतो. परंतु चोरपावलांनी होणारी घुसखोरी ओळखण्यासाठी केवळ त्यावर विसंबता येत नाही.