ब्रेकची डिस्क : केव्हा बदलावी, कशी बदलावी?

कापडाच्या धंद्यात आमची हयात गेली. ताका हातात आला की कापड हलके की भारी, हे आम्ही दोन बोटांच्या चिमटीत सांगतो. पण ज्या मोटारीत तो ताका घालून गावोगाव फिरतो, तिच्या ब्रेकची डिस्क किती जाड उरली आहे, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. त्याचा धडा कसारा घाटात मिळाला.

मालेगावहून नमुन्याचे ताके घेऊन आम्ही भिवंडीला निघालो होतो. सोबत धाकटा मुलगा होता. घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरे आणि पायाखालचे पेडल उसळे. अर्ध्या घाटात ब्रेक ढिला पडू लागला. मुलगा म्हणाला, "अब्बा, खालचा गिअर टाका." त्या गिअरच्या जोरावर खाली पोहोचलो. दोन महिन्यांपूर्वी एका मिस्त्रीने नुसते पॅड बदलून 'डिस्क चालेल' असे सांगितले होते. त्याने मोजली नाही, आम्हीही मोज म्हटले नाही. निम्मी चूक आमची.

डिस्क पातळ झाली की ती उष्णता कमी साठवते, लवकर तापते. पॅडची पकड सुटते, ऑइल उकळू लागते. म्हणून या खुणा ध्यानात ठेवाव्यात : ब्रेक मारताना स्टेअरिंगची थरथर, पेडलची उसळी, करकर आवाज, डिस्कवर नखाला लागतील अशा खोल रेघा, निळसर डाग, कडेला उठलेली धार. तडा दिसला तर गाडी हलवूच नये. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या डिस्कवर जो तांबूस गंज चढतो, तो मात्र चार ब्रेक मारले की जातो. त्याला घाबरू नये.

खरा निवाडा मापाचा. कमीत कमी जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. नवी डिस्क २२ मि.मी. असेल तर २० च्या आसपास तिची हद्द संपते. म्हणजे भांडवल अवघे दोन मिलिमीटर! माप मायक्रोमीटरने, सहा-आठ जागी घ्यावे. साधा व्हर्नियर कडेच्या धारेवर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. लेथवर घासून घ्यायची तरी घासल्यानंतर जाडी हद्दीच्या वर उरली पाहिजे.

काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करावे, पण जवळ उभे राहावे. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवा. एकाच बाजूची डिस्क बदलू देऊ नये. दोन्ही चाकांच्या डिस्क जोडीने बदलाव्यात, नाही तर गाडी एका अंगाला ओढते. पॅडही नवे हवेत, कारण जुने पॅड जुन्या रेघांप्रमाणे घासलेले असतात. कॅलिपर रबरी नळीला लोंबकळू न देता तारेने बांधावा. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढावा. तिथे कण राहिला तर नवी डिस्कही डगमगते. नव्या डिस्कवरचे संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढावे. चाकाचे नट समोरासमोर आळीपाळीने, योग्य जोराने आवळावेत. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे, नाही तर पहिला ब्रेक लागतच नाही. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर, अगदी गरज पडल्याशिवाय, जोराचा ब्रेक मारू नये.

आम्ही दोन्ही डिस्क आणि पॅड बदलून घेतले. पैसे गेले, पण त्या दिवशी शेजारच्या सीटवर मुलगा बसला होता, हे आठवले की तो खर्च हिशेबात धरावासा वाटत नाही. व्यापारी बांधवांनी पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीला एवढेच सांगावे : मोज, आणि आकडा कागदावर लिहून दे.