आठ कलांचे अंतर

ग्रहांची गती वर्तुळाकारच असली पाहिजे, अशी युरोपातील विद्वानांची दोन हजार वर्षे समजूत होती. वर्तुळ ही परिपूर्ण आकृती. आकाशातील ज्योतींना तीच शोभते, असे ते म्हणत. विश्वाच्या मध्यभागातून पृथ्वीला हलवून तेथे सूर्याला बसवणाऱ्या कोपर्निकसनेही वर्तुळ सोडले नाही. ते सोडण्याचा प्रसंग योहानेस केप्लर या जर्मन ज्योतिर्विदावर आला.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी नैर्ऋत्य जर्मनीतील वाइल या गावी झाला. बाप भाडोत्री सैनिक, त्यामुळे संसाराचा भार आईवरच असे. लहानपणी देवी आल्या आणि केप्लरची दृष्टी कायमची अधू झाली. ट्युबिंगेनच्या विद्यापीठात मेस्टलिन या गुरूकडून त्याला कोपर्निकसच्या मताची ओळख झाली. पुढे काही वर्षे त्याने ग्राट्झ येथे गणिताची शिक्षकी केली आणि १६०० साली तो प्राग येथे टायको ब्राहेकडे आला.

टायकोने डेन्मार्कमधील व्हेन बेटावर वीस वर्षे ग्रहांचे वेध घेतले होते. दुर्बीण तेव्हा नव्हती. परंतु त्याची यंत्रे मोठी आणि दृष्टी तीक्ष्ण होती. त्याच्या वेधांत सहसा एकदोन कलांहून अधिक चूक नसे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पौर्णिमेचे चंद्रबिंब सुमारे तीस कलांचे दिसते, एवढे सांगितले म्हणजे पुरे! १६०१ साली टायको वारला आणि हे वेधांचे भांडार अधू दृष्टीच्या केप्लरच्या हाती आले.

त्याने मंगळ हाती घेतला. वर्तुळ गृहीत धरून त्याने सुमारे सत्तर वेळा तेच किचकट गणित केले. अखेर मंगळाची दिशा बरोबर येऊ लागली. पण सूर्यापासूनचे अंतर जुळेना. अंतर जुळवावे, तर दिशेत आठ कलांचा फरक पडे. आठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या पावपट! प्राचीनांनी तो फरक खुशाल सोडून दिला असता, कारण त्यांचे वेधच तितके स्थूल होते. उत्तर जवळपास आले की वही मिटणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यात बसण्याची मुभा केप्लरलाही होती. परंतु टायको आठ कलांनी चुकणे शक्य नाही, हे तो जाणून होता. तेव्हा चूक वर्तुळाचीच, असे ठरवून त्याने कित्येक वर्षांचे गणित बाजूस सारले.

मंगळाचे वर्ष ६८७ दिवसांचे असते. तितक्या दिवसांनी तो मूळ जागी येतो, पृथ्वी मात्र आपल्या मार्गावर दुसरीकडे असते. एकाच जागचा मंगळ अशा दोन ठिकाणांहून पाहिला, तर शेत मोजणाऱ्याप्रमाणे त्रिकोण मांडून त्याचे अंतर काढता येते. अशा जागा मांडता मांडता लंबवर्तुळ हाती आले. दोन खिळ्यांभोवती दोऱ्याचे सैल कडे घालून, पेन्सिलीने ते ताणून धरीत फिरवले, तर जी आकृती उमटते ती हीच. तिच्या एका खिळ्याच्या जागी सूर्य असतो. मंगळाच्या मार्गाची लांबी १००० धरली, तर रुंदी सुमारे ९९६ भरते. इतक्या थोड्या चपटेपणाचा हा सारा खटाटोप! १६०९ साली केप्लरने हा शोध ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

पुढील आयुष्यात त्याला स्वस्थता लाभली नाही. १६१५ साली त्याच्या वृद्ध आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला. तिला कैदेतून सोडवण्यास १६२१ साल उजाडले. युद्धामुळे वेतन थकले. तरीही १६२७ साली त्याने टायकोच्या वेधांवर आधारलेली ग्रहांची कोष्टके छापून काढली, आणि ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाईल, असे भाकीत केले.

तो दिवस पाहण्यास केप्लर उरला नव्हता. १५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबुर्ग येथे तो निवर्तला. पॅरिसमध्ये गासेंदी नावाचा विद्वान त्या दिवशी सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून बसला होता. तिच्यावर एक बारीक काळा ठिपका दिसला. इतका लहान, की त्याला तो सूर्यावरील डागच वाटला. थोड्या वेळाने पाहतो, तो ठिपका पुढे सरकलेला होता.