कोकण किनाऱ्यावरील सागरी वन्य जीव

कोकण किनाऱ्यावरील सागरी वन्य जीव : दक्षिण कोकणात, विशेषतः देवगड ते वेंगुर्ले या पट्ट्यात, किनाऱ्यालगत होडीतून फिरताना दृष्टीस पडणारे सस्तन प्राणी, सरीसृप व पक्षी. खाड्यांची मुखे, वाळूचे उथळ तळ आणि खडकाळ बेटे येथे एकमेकांच्या निकट असल्याने थोड्या अंतरात भिन्न प्रकारचे जीव आढळतात. मालवण येथील सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा सु. २९ चौ. किमी. सागरी प्रदेश १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आला. निरीक्षणास ऑक्टोबर ते मे हा काळ योग्य असतो. दुपारी खारे वारे सुरू झाल्यावर लाटांच्या फेसात प्राण्याची पाठ ओळखता येत नाही. म्हणून मतलई वाऱ्याची सकाळची वेळ उत्तम.

प्रवाशांचे मुख्य आकर्षण म्हणजे डॉल्फिन. येथील मच्छीमार त्याला ‘गादा’ म्हणतात. किनाऱ्याजवळ दिसणारी जाती बहुधा सूसा प्लंबिया ही असते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्ह्ये यांनी १८२९ मध्ये तिचे वर्णन केले ते मलबार किनाऱ्यावरील नमुन्यावरून. नावातील ‘प्लंबिया’चा अर्थ शिशाच्या रंगाचा असा आहे. प्रौढाची लांबी सु. २·५ मी. असून पाठीवरील लांबट कुबडावर लहान पर असतो. पिलांत हे कुबड ठळक नसते. श्वासासाठी वर येताना प्रथम लांब चोच पाण्याबाहेर येते, मग कुबड कमानीसारखे वळते. चित्रांतून परिचित असलेल्या उंच उड्या हा प्राणी क्वचितच मारतो आणि होडीच्या नाळेपुढे पोहण्याची हौसही त्याला फारशी नाही. त्यामुळे हिरमुसलेले प्रवासी नावाड्याला होडी आणखी जवळ नेण्याचा आग्रह करतात. अनर्थाचे मूळ येथेच आहे.

हा डॉल्फिन सामान्यतः २० मी. पेक्षा कमी खोलीच्या पाण्यात राहतो. मासेमारी, बंदरे, सांडपाणी आणि पर्यटकांच्या होड्या यांची गर्दीही नेमकी तेथेच असते. भक्ष्य शोधणे व कळपाशी संपर्क राखणे ही कार्ये तो ध्वनीच्या साहाय्याने करतो. यंत्राच्या आवाजाने त्यांत व्यत्यय येतो. अनेक होड्यांनी कळपाला घेरल्यास तो खाणे सोडून दूर जातो किंवा अधिक काळ पाण्याखाली राहतो. मादीला दोन विणींमध्ये साधारणपणे तीन वर्षे लागत असल्याने घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. २०१७ पासून ही जाती जागतिक सूचीत संकटग्रस्त मानली जाते. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तिला संरक्षण आहे. होडी कळपाला समांतर, मंद गतीने चालवावी, त्याच्या वाटेत आडवी घालू नये आणि पिलू दिसल्यास मागे हटावे, एवढी पथ्ये नावाड्यास सहज पाळता येतात. ‘डॉल्फिन हमखास दाखवू’ हे आश्वासन मात्र त्यांच्या आड येते. मच्छीमारांची तक्रारही दुर्लक्षिण्याजोगी नाही. जाळ्यातील मासे ओढताना गादे जाळी फाडतात आणि काही वेळा त्यांतच गुदमरून मरतात.

‘भुलगा’ हा पृष्ठपर नसलेला लहान शिंशुक दिसणे अवघड. तो लाजाळू असून क्षणभरच वर येतो. खोल पाण्यात क्वचित ब्राइडचा देवमासा आढळतो.

सरीसृपांपैकी ऑलिव्ह रिडले (तुपळी) हे कासव हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी वालुकामय किनाऱ्यांकडे येते, तेव्हा पृष्ठभागावर तरंगताना दिसते. हिरवे कासवही या पाण्यात चरते. समुद्रसाप बहुतेक जाळ्यात अडकलेलेच पाहावयास मिळतात. ते विषारी असल्याने हाताळू नयेत. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड (काकण) मासे व समुद्रसाप पकडतो आणि उंच झाडावर वर्षानुवर्षे त्याच घरट्याची डागडुजी करतो. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे रापण ओढली जात असताना किनाऱ्याशी गोळा होतात.

वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांवरील गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. त्यांची लाळेने चिकटवलेली घरटी पूर्वी खाद्य म्हणून विकली जात. याच बेटांवर सुरय पक्ष्यांची एक जाती पावसाळ्यात वीण करते. परंतु त्या दिवसांत समुद्र खवळलेला व होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असल्याने पर्यटकाला ते दृश्य दिसत नाही.