लायसन्सवर चांदणी आहे ना?

एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांत एक प्रश्न ठरलेला असतो: यंदा हापूसची पेटी कितीला? २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याला जोड मिळाली: तुझ्या लायसन्सवर चांदणी आहे का? ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानात बसताना दाखवायचं ड्रायव्हिंग लायसन्स ‘रिअल आयडी’ असलंच पाहिजे, असं सरकारने जाहीर केलं होतं. झालं, जो तो लायसन्स देणाऱ्या कचेरीच्या, म्हणजे डीएमव्हीच्या, अपॉइंटमेंटच्या मागे लागला. शिकागोत तर खास रिअल आयडीसाठी ‘सुपरसेंटर’ उघडावं लागलं. एवढ्याशा कार्डाच्या गोष्टीत त्सुनामी आहे, अस्वल आहे आणि झेब्राही आहे. घ्या तर मग एकेक.

त्सुनामीच्या मदतीबरोबर आलेला कायदा

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातल्या १९ अपहरणकर्त्यांपैकी एकाचा अपवाद सोडता सगळ्यांनी अमेरिकेतलं कुठलं ना कुठलं ओळखपत्र मिळवलं होतं. चौकशी आयोगाने २००४ साली हे नोंदवलं आणि जन्मदाखले, लायसन्स वगैरे देण्यासाठी देशभर समान निकष असावेत, अशी शिफारस केली. विस्कॉन्सिनचे खासदार जिम सेन्सनब्रेनर यांचं तसं ‘रिअल आयडी’ विधेयक फेब्रुवारी २००५ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये पुढे सरकेना. मग ते सैन्याच्या खर्चाच्या आणि त्सुनामीग्रस्तांच्या मदतीच्या विधेयकाला जोडून दिलं. सैनिकांच्या आणि त्सुनामीग्रस्तांच्या पैशांना नाही कोण म्हणणार? सिनेटमधली मतं पडली १०० विरुद्ध शून्य. डिसेंबर २००४ मध्ये तामिळनाडू आणि अंदमानला झोडपणारी तीच ती त्सुनामी.

वीस वर्षांना चार दिवस कमी

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ११ मे २००५ रोजी सही केली. अंमल तीन वर्षांत व्हायचा होता. मग मुदतवाढींची रांग लागली. १ ऑक्टोबर २०२० ही तारीख पक्की झाली तर कोविड आला. पुढची १ ऑक्टोबर २०२१, त्यापुढची ३ मे २०२३, आणि अखेर ७ मे २०२५. सहीच्या दिवशी जन्मलेलं बाळ तोवर कॉलेजात पोचलं होतं आणि त्याच्या खिशात बहुधा ‘उभं’ लायसन्स होतं. बहुतेक राज्यांत २१ वर्षांखालच्यांचं लायसन्स आडवं नसून उभं छापतात. बारवाल्याला वय मोजत बसावं लागत नाही.

घोडा पाठवला, झेब्रा पोचला

वॉशिंग्टनने नियम करायचे आणि खर्च आम्ही करायचा? शिवाय मागच्या दाराने राष्ट्रीय ओळखपत्र? राज्यं बिथरली. जानेवारी २००७ मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळाने सर्वांत आधी नकाराचा ठराव केला. मोंटानाने तर त्याच वर्षी अंमलबजावणीवर बंदी घालणारा कायदाच करून टाकला. पुढे मुदतवाढ मागायची वेळ आली तेव्हा मोंटानाने ती मागितली नाहीच. आमची लायसन्स सुरक्षितच आहेत, तुमचा कायदा पाळणार नाही, असं पत्र धाडलं. केंद्राने तेच पत्र मुदतवाढीचा अर्ज समजून मंजूर केलं! आम्ही घोडा पाठवला होता, त्यांना त्याला झेब्रा म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे, अशा अर्थाचं गव्हर्नर ब्रायन श्वाइट्झर बोलले. ओरेगन आणि ओक्लाहोमा ही राज्यं तर थेट २०२० साली रिअल आयडी द्यायला लागली.

चांदणी, अस्वल आणि झेंडा

रिअल आयडीची खूण म्हणजे कार्डाच्या वरच्या भागातली चांदणी. कुठे सोनेरी, कुठे काळी. कुठे भरीव, कुठे वर्तुळात कोरलेली. कॅलिफोर्नियाने चांदणी सोनेरी अस्वलाच्या पोटात बसवली. राज्याच्या झेंड्यावर मिरवणारं ग्रिझली अस्वल त्या राज्यातून साधारण शंभर वर्षांपूर्वीच नामशेष झालंय. आता ते उरलंय झेंड्यावर आणि लायसन्सवर.

चांदणी नसलेल्या कार्डांवरही मजकूर असतो. कॅलिफोर्नियात ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’, न्यूयॉर्कमध्ये ‘नॉट फॉर फेडरल पर्पजेस’. म्हणजे गाडी खुशाल चालवा, विमानतळावर हे पुढे करू नका.

वॉशिंग्टन, मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क आणि व्हरमाँट ही पाच राज्यं आणखी एक प्रकार देतात: ‘एनहान्स्ड’ लायसन्स. त्यावर अमेरिकेचा झेंडा आणि आत रेडिओ चिप. ते फक्त अमेरिकन नागरिकांना मिळतं. ते घेऊन सिएटलहून गाडीने कॅनडातल्या व्हँकुव्हरला जाऊन पासपोर्टशिवाय परत येता येतं. विमानाने गेलात तर मात्र पासपोर्ट हवाच. साध्या चांदणीला तर जमिनीवरची सीमाही ओलांडता येत नाही. हवाई आणि पोर्टो रिको मात्र देशातच मोडतात, तिथे चांदणी चालते.

गाडी न येणाऱ्यांनाही

‘मला कुठे गाडी चालवायचीय?’ म्हणणाऱ्यांसाठी ड्रायव्हिंगविना रिअल आयडी ओळखपत्र मिळतं. पण एका माणसाला एकच चांदणी: एक तर लायसन्सवर, नाहीतर ओळखपत्रावर.

लायसन्सचा आणि गाडी येण्याचा संबंध तरी जुना कुठे आहे? मॅसॅच्युसेट्स आणि मिसुरी यांनी १९०३ साली लायसन्स सक्तीचं केलं. साउथ डकोटात ते आलं १९५४ साली आणि चालवण्याची परीक्षा १९५९ मध्ये. मधली पाच वर्षं लायसन्स होतं, परीक्षा नव्हती!

कचेरी एक, नावं छप्पन्न

आपण सगळे ‘डीएमव्ही’ म्हणतो, पण पाटी दर राज्यात निराळी. न्यू जर्सीत एमव्हीसी, ओहायोत बीएमव्ही, बॉस्टनकडे आरएमव्ही, टेक्सासात डीपीएस, जॉर्जियात डीडीएस, पेनसिल्व्हेनियात पेनडॉट. नोकरी बदलून राज्य बदललं की आद्याक्षरंही बदलतात. रांगेची कीर्ती मात्र सगळीकडे एकच. २०१६ च्या ‘झूटोपिया’ या ॲनिमेशनपटात डीएमव्हीचे सगळे कर्मचारी स्लॉथ दाखवलेत, म्हणजे जगातले सर्वांत संथ सस्तन प्राणी. आणि त्यातल्या एकाचं नाव आहे फ्लॅश.

रिअल आयडीच्या नियमात आणखी एक गंमत आहे. अर्ज करायला गेलात की आधी फोटो काढायचा, आणि कार्ड नामंजूर झालं तरी तो फोटो सरकारने जपून ठेवायचा. एकाच चेहऱ्याने दोन नावांनी अर्ज करणारे सापडावेत म्हणून ही तजवीज. चेहरा ओळखणाऱ्या संगणकाचा गोंधळ नको म्हणून इंडियाना, व्हर्जिनिया अशा काही राज्यांनी २००९ च्या सुमारास फोटोत हसायलाच मनाई केली होती. दोन तास रांगेत उभं राहिल्यावर हसू तसंही कुणाला येतंय म्हणा.

चार पुरावे

कागद लागतात ते असे: तुम्ही कोण, देशात राहण्याचा कायदेशीर हक्क आहे का, सोशल सिक्युरिटी नंबर, आणि पत्त्याचे दोन पुरावे. अमेरिकन पासपोर्ट असेल तर पहिले दोन एका फटक्यात निकालात निघतात. व्हिसावाल्यांना भारतीय पासपोर्ट, त्यातला वैध व्हिसा आणि देशात आल्याची नोंद असलेला आय-९४ लागतो. विमानाने येणाऱ्यांना आय-९४ चा कागदी तुकडा २०१३ पासून मिळत नाही. वेबसाइटवरून आपणच छापून न्यायचा. भारतातला जन्मदाखला, कितीही शिक्क्यांचा असला तरी, इथे ओळखीचा पुरावा ठरत नाही.

पत्त्याचे पुरावे सोपे वाटतात, पण वीज, इंटरनेट, बँक सगळं एकाच्या नावावर असलं की दुसऱ्याची पंचाईत होते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात लग्नाचा दाखला जोडला की जोडीदाराचं बिल चालतं. पत्त्याचे पुरावे दोन हवेत, हे खुद्द कॅलिफोर्नियालाच आधी उमगलं नव्हतं. सुरुवातीला तिथे एकाच पुराव्यावर काम भागायचं. २०१८ च्या अखेरीस केंद्राने कान उपटले आणि चांदणी मिळालेल्या लाखो लोकांना पत्ता पुन्हा पक्का करायची पत्रं गेली.

आमचं नाव, त्यांचे रकाने

मराठी नाव तीन डब्यांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. भारतीय पासपोर्टात रकाने दोनच. त्यामुळे ‘अदिती सुरेश’ एका रकान्यात बसते आणि अमेरिकेत बाबांचं नाव तिच्या पहिल्या नावाला कायमचं चिकटतं. लग्नानंतर अदिती सुरेश जोशीची अदिती निखिल कुलकर्णी झाली तर एकाच वेळी दोन शब्द बदलतात. आता दाखवायचा पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड जुन्या नावाचं आणि कार्ड हवं नव्या नावाने, असं असेल तर मधला दुवा म्हणून लग्नाचा दाखला न्यावा लागतो. दोनदा नाव बदललं असेल तर दोन्ही वेळचे कागद. माहेरचंच नाव लावणाऱ्या बाया या खिडकीवरून सर्वांत आधी सुटतात!

पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांची तऱ्हा आणखी न्यारी. अमेरिकन व्हिसावर ते नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. उलट रिअल आयडीचा नियम सांगतो, नाव एकच असेल तर ते आडनावात लिहा आणि बाकीचे रकाने मोकळे सोडा. ‘नाव नाही’ अशा अर्थाची आद्याक्षरं भरू नका. एकाच सरकारचे हे दोन कायदे.

व्हिसा तितकी चांदणी

नागरिकाच्या चांदणीला जास्तीत जास्त आठ वर्षांचं आयुष्य. एच-वनवाल्याची चांदणी मुक्कामाच्या मुदतीबरोबर मावळते. विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर शेवटची तारीखच नसते, म्हणून त्यांना एक वर्षाचं कार्ड मिळतं आणि दरवर्षी पुन्हा तीच खिडकी. नोकरीची परवानगी नसल्याने सोशल सिक्युरिटी नंबर नाही, अशा एच-फोरवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. आपल्या व्हिसावर कामाची मुभा नाही हे कागदाने दाखवलं की पुरतं.

आणि हो, चांदणी म्हणजे नागरिकत्व नव्हे. ती एवढंच सांगते की कागद तपासले आणि जुळले.

तुम्हाला ती हवी तरी का?

खरी गंमत इथे आहे. विमानतळावर तपासणी करणाऱ्या टीएसएच्या यादीत चांदणीशिवायही पुष्कळ काही आहे: कुठल्याही देशाचा पासपोर्ट, ग्रीन कार्ड, कामाच्या परवानगीचं कार्ड (ईएडी), ग्लोबल एंट्रीचं कार्ड. अठरा वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकाने कार्ड कायम जवळ बाळगावं असा कायदाच आहे. म्हणजे विमानापुरतं त्याचं काम आधीच झालेलं. नातवंडं बघायला आलेल्या आजी-आजोबांना भारतीय पासपोर्ट पुरतो. आधार कार्ड आणि भारतातलं लायसन्स बॅगेतच राहू द्यावं. टोरांटोच्या मावशीचं लायसन्स मात्र चालतं, कारण कॅनडाच्या प्रांतांची लायसन्स त्या यादीत आहेत. मोठ्या माणसाबरोबर देशातल्या देशात प्रवास करणाऱ्या अठराखालच्या मुलांना टीएसए ओळखपत्र मागतच नाही. मतदानाला, गाडी चालवायला, दवाखान्यात जायलाही चांदणी लागत नाही. लागते ती विमानाला, काही सरकारी इमारतींत आणि अणुवीज केंद्रात शिरायला. यातलं शेवटचं तुमच्या वीकेंडच्या यादीत नसावं.

मग घ्यायची कशाला? तर दर दोन वर्षांनी भरणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला जाताना नवरा-बायकोचे पासपोर्ट घेऊन हॉटेल, सभागृह, नाट्यप्रयोग असं हिंडायचं आणि एक हरवला की वकिलातीच्या दारात बसायचं, त्यापेक्षा खिशातलं लायसन्स बरं म्हणून.

पंचेचाळीस डॉलरची विसरभोळेगिरी

७ मे २०२५ ला आभाळ कोसळलं नाही. चांदणी नसलेल्यांना बाजूला घेऊन, जास्तीची तपासणी करून सोडलं जात होतं. १ फेब्रुवारी २०२६ पासून मात्र त्या सोयीला दर लागला: चालणारं कुठलंच ओळखपत्र नसेल तर ४५ डॉलर भरून ओळख पटवायची. पावती दहा दिवस चालते, आणि पैसे भरले म्हणून आत सोडतीलच अशी हमी नाही. पेनसिल्व्हेनियात चांदणीसाठी नूतनीकरणाखेरीज एकदाच भरायचे जादा पैसे आहेत ३० डॉलर. हिशेब तुम्हीच करा.

फोनमधली चांदणी

मार्च २०२२ मध्ये ॲरिझोनाने सर्वांत आधी लायसन्स आयफोनच्या वॉलेटमध्ये आणलं आणि फिनिक्सच्या विमानतळावर लोक फोन टेकवून पुढे जाऊ लागले. तरीही प्लास्टिकचं कार्ड सोबत ठेवा, असं टीएसए आजही सांगते.

आणि शेवटचा फटका

सगळे कागद जुळले, फोटो निघाला, पैसे भरले, म्हणजे कार्ड हातात आलं असं नाही. बहुतेक राज्यांत खिडकीवर मिळतो तो तात्पुरता कागद. खरं कार्ड टपालाने येतं. आणि तो तात्पुरता कागद टीएसएला चालत नाही. तेव्हा स्वस्त तिकिटाची जाहिरात दिसली तरी दम धरा. आधी अपॉइंटमेंट, मग तिकीट.