झुरका पास, झुरका नापास

हवानाच्या सिगार कारखान्यांत एक नोकरी अशी आहे, की तिचं नुसतं वर्णन ऐकून शौकिनाला हेवा वाटावा. सकाळी यायचं, समोर मांडलेल्या सिगारी एकामागून एक पेटवायच्या, ओढायच्या आणि प्रत्येकीबद्दल आपलं मत कागदावर नोंदवायचं. ही नोकरी करणाऱ्याला तिकडे ‘कातादोर’ म्हणतात. प्रत्यक्षात हे काम बोर्डाचे पेपर तपासण्याइतकंच रुक्ष आहे. कातादोर सिगार संपवत नाही. इंचभर जळली की ती बाजूला. मग बिनसाखरेच्या चहाचा घोट, तोंड साफ, पुढची सिगार. हे सगळं सकाळीच उरकायचं, कारण दिवस चढला, जेवण झालं, की जिभेचा भरवसा राहत नाही.

आणि ‘आवडली का?’ हे त्याला कोणी विचारतच नाही. सिगार ओढायला मोकळी आहे की घट्ट, सरळ जळते की तिरकी, जोर किती, वास कसा, चव कशी, एवढ्याची उत्तरं त्याने द्यायची. या सगळ्या उत्तरांच्या मुळाशी प्रश्न एकच असतो: ही सिगार ज्या नावाने विकली जाणार, त्या नावाची वाटते का? पार्तागासचा कारखाना 1845 चा, एच. उपमानचं नाव 1844 पासूनचं, रोमेओ इ हुलिएता 1875 ची. इतक्या जुन्या नावाची सिगार यंदा गेल्या वर्षापेक्षा बरी लागली, तरी ती चूकच धरायची. हाताने केलेल्या वस्तूचं आपण कौतुक करतो ते तिच्यात करणाऱ्याचा हात दिसतो म्हणून. इथे मात्र तो हात दिसूच नये यासाठी सारा खटाटोप चालतो.

हे अवघड का, ते शेतात गेलं की कळतं. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांत आहे. त्यातल्या वुएल्ता अबाहो भागात, सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस या गावांच्या आसपास, जगातली सर्वांत नावाजलेली सिगारची तंबाखू पिकते. एकाच झाडाची पानं, पण खालचं पान वेगळं आणि शेंड्याचं वेगळं. तळाचं ‘वोलादो’: चवीला बेताचं, पण झकास जळणारं. मधलं ‘सेको’: सुवास त्याचा. वरचं ‘लिगेरो’: ऊन खाऊन जाड, तेलकट झालेलं, जोरकस आणि सावकाश जळणारं. त्याच्याही वर शेंड्याला कधीकधी एखाददुसरं पान ‘मेदिओ तिएम्पो’चं निघतं. प्रत्येक झाडाला ते येत नाही. 2010 साली कोहिबाने ‘बेहिके’ नावाची महागडी सिगार बाजारात आणली, ती याच पानाच्या जोरावर.

सिगारीवरचं दर्शनी पान, ‘कापा’, याची शेतीच निराळी. ते कापडाच्या मांडवाखाली सावलीत वाढवतात, म्हणजे पातळ, मऊ आणि बारीक शिरांचं राहतं. तोडलेली पानं लाकडी वखारीत काठ्यांना ओवून साधारण पन्नास दिवस वाळवायची, मग ढीग रचून आंबवायची. त्या ढिगांत उष्णता धरते, अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो, पानाचा कडवटपणा उतरतो. ढीग फार तापू नये म्हणून त्यात तापमापक खुपसून ठेवतात आणि गरजेप्रमाणे तो मोडून पुन्हा रचतात. त्यानंतर गाठोडी बांधून मुरवायची. यात लिगेरोला सर्वांत जास्त वेळ लागतो, दोन वर्षं किंवा त्याहून अधिक. नीट जळण्याचा गुण तर त्याही आधी, जमिनीतच ठरतो. पोटॅश पानाला जळायला मदत करतं आणि क्लोराइड त्याला विझवतं. म्हणून तंबाखूच्या शेतात पोटॅश घालायचं ते सल्फेटच्या रूपात, स्वस्तातल्या क्लोराइडच्या नव्हे.

पाऊस दरवर्षी सारखा नसतो, तेव्हा पानही सारखं नसतं. चव मात्र सारखी हवी. यावर उतारा म्हणजे ‘लिगादा’, पानांचं जमवलेलं प्रमाण. कोणत्या सिगारीत लिगेरो किती, सेको किती हे मिश्रण जमवणारा ठरवतो आणि कातादोरांची समिती ते ओढून पाहते. यंदाचं लिगेरो अंमळ तिखट निघालं तर प्रमाण हलवायचं. सिगार वळणारा ‘तोर्सेदोर’ यात कुठेच नाही. त्याच्या मेजावर दिवसाची पानं मोजून येतात.

त्याचं कसब बोटांत. कारखान्याच्या शाळेत नऊएक महिने उमेदवारी केल्यावर त्याला जागा मिळते आणि पहिली काही वर्षं सोप्या, लहान आकारांवरच जातात. हत्यारं म्हणाल तर एक पाट, ‘चावेता’ नावाचं बिनमुठीचं अर्धगोल पातं, डोकं छाटायचं छोटं यंत्र आणि डिंकाची वाटी. त्या वनस्पतीच्या डिंकाला ना रंग ना चव. गाभ्याची पानं एकेक करून, घडी घालत, तळहातात गोळा करायची. लिगेरो मधोमध, म्हणजे सिगार आतून भडकत नाही. पानापानांत लांबीभर वाट राहिली पाहिजे. वाट बुजली तर धूर येत नाही आणि फार मोकळी राहिली तर सिगार तापते, जीभ पोळते. गाभ्याभोवती ‘कापोते’ हे बांधणीचं पान गुंडाळलं, की अशा दहा कांड्या साच्यात घालून दाबाखाली ठेवतात. दर्शनी पान चढतं ते सगळ्यात शेवटी.

क्यूबाची अब्रू गेली ती नेमकी या वाटेवरून. सोव्हिएत संघ कोसळल्यावर देशाला परकीय चलनाची निकड होती आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिका-युरोपात सिगारीची लाट आली. अमेरिकेत क्यूबाच्या मालावर 1962 पासून बंदी, पण बाकीचं जग मागेल तितकं घ्यायला तयार होतं. उत्पादन झपाट्याने वाढवलं, नवशिके हात मेजांवर बसले. दशकाच्या अखेरीस तक्रार सगळीकडे तीच: सिगार पेटते, पण ओढलीच जात नाही. भारी किमतीची सिगार गाल आत जाईतो शोषूनही धूर देईना. दोन हजार सालाच्या आसपास कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रं आली. साच्यातून काढलेली कांडी, दर्शनी पान चढण्याआधीच, यंत्रात धरायची. यंत्र तिच्यातून हवा खेचतं आणि काटा किती अडथळा आहे ते दाखवतो. बसली तर पुढे, नाही तर सोडून पुन्हा बांधायची. परंपरेचे भक्त यावर थोडे हळहळले. हळहळण्यासारखं त्यात काही नव्हतं. बंद नळी ओळखायला अनुभवी जीभ कशाला खर्ची घालायची?

वळून झालेल्या सिगारी पन्नास-पन्नासच्या जुडीत बांधल्या जातात आणि तपासनीस त्यांवर हात फिरवतो. कुठे मऊ लागते, कुठे गाठ लागते, डोकं गोल बसलंय का, पानावर चीर आहे का. मग वजन, लांबी, जाडी. जाडी मोजायचं माप इंचाचे चौसष्ट भाग करून केलेलं. चर्चिलच्या नावाने ओळखला जाणारा आकार 178 मिलिमीटर लांब आणि 47 मापाचा. ‘रोबुस्तो’ 124 मिलिमीटर आणि 50 मापाचा. जे बसत नाही ते परत.

हा परतीचा भाग सिन्नरच्या किंवा सोलापूरच्या विडी कामगार बाईला कोणी समजावून सांगायला नको. तिचा हिशेब हजारावर, आणि कारखान्यात भरणा करताना नापास झालेल्या विड्यांना ‘छाट’ म्हणतात. भारताने 1966 साली विडी आणि सिगार या दोन्ही कामगारांसाठी मिळून एकच कायदा केला. छाट किती काढावी यालाही त्याखालच्या नियमांनी मर्यादा घातली, कारण चांगला माल छाटीत ढकलून मजुरी कापण्याचा धंदा जुना होता. गुणवत्तेच्या नावाने होणारी तपासणी आणि मजुरीतली काटछाट यांतलं अंतर किती थोडं, हे त्या कायद्याएवढं स्पष्ट क्वचितच कुठे दिसलं असेल. योगायोगाने 1966 हेच कोहिबाचंही जन्मवर्ष. फिदेल कास्त्रोच्या एका अंगरक्षकाला मित्राने वळून दिलेली खासगी सिगार फिदेलला भावली. तीच पुढे हवानाच्या एल लागितो बंगल्यात, सुरुवातीला बायकांच्या हातांनी, बनू लागली. तिच्या गाभ्याच्या काही पानांना पिंपांत तिसरं आंबवण मिळतं. फिदेलने स्वतः 1985 साली सिगार सोडली.

कारखान्यात आणखी एक परीक्षा रोज चाले. 1865 साली हवानाच्या एल फिगारो कारखान्यात कामगारांनी आपल्या पगारातून वर्गणी काढून एक वाचक, ‘लेक्तोर’, बसवला. तो उंच जागेवरून वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवी आणि खाली हात चालू राहत. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सत्तेने वाचनावर बंदी घातली, म्हणजे कामगार काय ऐकत होते याचा अंदाज यावा. प्रथा मात्र टिकली. ‘मोन्तेक्रिस्तो’ हे नाव अलेक्झांडर द्यूमाच्या कादंबरीवरून आलं, ते याच वाचनामुळे. वाचन आवडलं तर सगळे चावेता पाटावर आपटून दाद देत. आपल्याकडे कन्नूरच्या विडी कामगारांनीही कामाच्या जागी वर्तमानपत्र वाचून दाखवणारा माणूस ठेवला होता. दोन्हीकडे हात गुंतलेले, कान मोकळे. शोध एकच लागला.

पेटी भरताना मात्र चाचणी फक्त डोळ्यांची. रंग निवडणारा माणूस दिसायला सारख्या भासणाऱ्या तपकिरी सिगारींमधून छटा वेगळ्या काढतो आणि पेटीत डावीकडे गडद, उजवीकडे फिकट अशा लावतो. चवीशी याचा संबंध जवळजवळ नाही. पण पेटी उघडताक्षणी गिऱ्हाइकाचं मत बनतं, आणि हे कारखान्याला पक्कं ठाऊक आहे.

आता गिऱ्हाईक. त्याची रीत कातादोरासारखीच सुरू होते, फक्त घाई नसते. आधी दोन बोटांत हलकेच दाबून पाहायचं. डोकं छाटून न पेटवता एक झुरका घ्यायचा. ओढ कळते आणि कोऱ्या पानाची चवही. मग ज्योत न टेकवता पायथा शेकून पेटवायची. मिनिटाला एखादा झुरका पुरे. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवायचा. जाणकार त्यातला थोडा नाकावाटे सोडतात, कारण चवीतलं बरंचसं काम नाक करतं. देवदार, चामडं, कोको, भाजलेली कॉफी, मिरी, ओली माती असे शब्द इथे निघतात. यातलं काही वरून घातलेलं नसतं. उत्तम सिगारीत पानाशिवाय काही नसतंच; देवदार तेवढा पेटीच्या लाकडातून उतरलेला असू शकतो. नवखा माणूस हमखास फसतो तो जोर आणि चव यांत. चव तोंडात कळते, जोर डोक्यात आणि पोटात. सौम्य चवीची सिगारही रिकाम्या पोटी गरगरवून सोडते. फ्रेंच शौकीन सिगारीचे तीन भाग करतात: पहिला गवत, दुसरा स्वर्ग, तिसरा शेणखत. राखेवर मात्र लोक फार बोलतात. लांब टिकणारी राख अखंड पानांचा गाभा असल्याचं सांगते, एवढंच. शेरलॉक होम्स राखेवरून तिरुचिरापल्लीची सिगार ओळखतो, तेवढी कुवत सामान्य राखेत नाही.

छातीत धूर न घेतल्याने सिगार निरुपद्रवी होते, हा समज तर साफ खोटा. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग तिच्यामुळे होतो आणि एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते.

ठेवण्याची शिस्त वेगळीच. 65 ते 70 टक्के आर्द्रता, 16 ते 18 अंश तापमान. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात उघड्या पेटीला बुरशी धरते, आणि उकाड्यात पानातली अंडी फुटून तंबाखूचा किडा सिगारीला आरपार भोकं पाडतो. म्हणून हल्ली पेट्या पाठवण्याआधी गोठवतात.

1992 साली अमेरिकेत ‘सिगार अफिसिओनादो’ हे मासिक निघालं आणि शंभरातले गुण देण्याची पद्धत रूढ झाली. नावाची पट्टी काढून, नुसता क्रमांक लावून सिगार ओढायची. रूप आणि बांधणीला 15, चवीला 25, जळण्या-ओढण्याला 25 आणि एकूण मताला 35. सर्वांत मोठा वाटा ‘एकूण मता’चा आहे, म्हणजे आवडीचाच. कातादोराला जो प्रश्न कधी विचारत नाहीत, तोच इथे सर्वाधिक गुणांना. परिणाम दुकानांत दिसतो: नव्वदीपार गेलेली सिगार शेल्फवर टिकत नाही आणि बनवणारेही त्या गुणांकडे डोळा ठेवून पानं निवडू लागतात.

झिनो दाविदॉफची परीक्षा या दोन्हींहून कडक निघाली. जिनिव्हाच्या या व्यापाऱ्याच्या नावाची सिगार 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून क्यूबात बनत होती. पुढे दर्जावरून खटके उडाले आणि 1989 साली त्याने आपल्याच नावाच्या लाखाहून अधिक सिगारी निकृष्ट म्हणून जाहीरपणे जाळल्या. दोन वर्षांत करार संपला, उत्पादन डॉमिनिकन रिपब्लिकला गेलं. क्यूबात दाविदॉफच्या पेट्या त्यानंतर कधीच बनल्या नाहीत, आणि ज्या वाचल्या त्या आज युरोपातल्या लिलावांत संग्राहक चढाओढीने घेतात.