जाते आणि यंत्राचा डोळा

धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय भागात लोहारा हा तालुका आहे. येथील बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर चालते. पावसाळ्याच्या आरंभी सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची एखादी ओळ पेरण्याची येथे रीत आहे. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे घरी येते. तूर मात्र रानातच उभी राहते आणि थंडीच्या दिवसांत काढणीस येते. शेतातील ही तूर आणि ताटातील वरण यांच्यामध्ये एक अवघड काम आहे. ते म्हणजे तुरीची डाळ करणे.

तुरीच्या दाण्यात दोन पिवळ्या पाकळ्या असून त्यांवर टरफल असते. हरभऱ्याचे टरफल सहज सुटते. तुरीचे तसे नाही. टरफल व पाकळ्या यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. जोर कमी लावला, तर टरफल तसेच राहते. अधिक लावला, तर पाकळीच भंगते. डाळ करणाऱ्याचे सारे कौशल्य या दोहोंच्या मधली वाट शोधण्यात आहे.

ही वाट घरोघरच्या स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. तुरीला पाणी किंवा तेल चोळून ती त्या उन्हात वाळवीत. त्यामुळे चिकट थराची पकड ढिली होई. मग ती जात्यात बेताने भरडीत. कारण तळ्या अगदी जवळ आल्या, तर डाळीचे पीठ व्हावयाचे. भरडलेली डाळ सुपात पाखडली, की टरफल उडून जाई. सूप घोळले, की खडे वेगळे होत. शेवटी डाळ ताटात पसरून डागी दाणे बोटांनी निवडीत. उरलेला चुरा, म्हणजे कळणा, गुरांपुढे जाई.

लोहाऱ्याच्या उत्तरेस असलेले लातूर शहर आज डाळींची मोठी बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे पुष्कळ डाळमिल आहेत. आधुनिक डाळमिलमध्ये वर सांगितलेले प्रत्येक काम होते. मात्र ते करणारे हात सहसा दिसत नाहीत. पट्ट्यावर बसविलेले लहान डबे दाणे खालून उचलतात आणि वर नेऊन पुढील यंत्रात ओततात. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ऑलिव्हर एव्हान्स याने १७८५ च्या सुमारास अशाच डब्यांची व मळसूत्रांची योजना करून पिठाची गिरणी चालविली. धान्य एका टोकास घातले, की मध्ये फारसा हात न लावता दुसऱ्या टोकास पीठ मिळे. स्वयंचलित अन्नप्रक्रियेची ती आरंभीची पायरी होय.

डाळमिलमध्ये खडे काढण्यासाठी एक उतरती, थरथरणारी चाळणी असते. तिच्या खालून वारा सोडलेला असतो. हलके दाणे वाऱ्यावर तरंगत उताराने खाली येतात आणि जड खडे चढाकडे सरकतात. ही सुपाचीच युक्ती नव्हे काय? जात्याच्या जागी कुरुंदाचा खरखरीत रूळ फिरतो व टरफल खरवडून काढतो. उन्हाच्या जागी गरम हवेचे वाळवणयंत्र असते. त्यामुळे भर पावसाळ्यातही काम अडत नाही.

सर्वांत नवल वाटावे असे यंत्र शेवटी येते. ते डाळ निवडते. डाळीचे दाणे पन्हळींतून रांगेने खाली घसरतात. तेथे प्रखर प्रकाशात कॅमेरे प्रत्येक दाण्याचा रंग टिपतात. काळपट किंवा टरफल राहिलेला दाणा दिसला, की दाबलेल्या हवेचा एक बारीक फवारा सुटतो आणि नेमका तोच दाणा बाजूस उडतो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी घडते. मोठे यंत्र तासाभरात हजारो किलो डाळ निवडते आणि थकत नाही.

परंतु चांगला दाणा कोणता, हे यंत्रास स्वतःहून कळत नाही. केवढा डाग चालेल आणि केवढा चालणार नाही, हे माणूस ठरवितो. रूळ दाण्यास किती घासणार, हेही माणसाच्याच हाती असते. शंभर किलो तुरीत सुमारे ८५ किलो डाळ दडलेली असते. जुन्या पद्धतीच्या मिलमध्ये बहुधा ७० ते ७५ किलोच हाती येते. बाकीची चुऱ्यात व भुकटीत जाते. डाळ अधिक गुळगुळीत दिसावी म्हणून ती फार घासली, तर नुकसान आणखी वाढते. पाकळीच्या बाहेरच्या थरात प्रथिने व क्षार विशेष असतात. तेच झिजून जातात. म्हणजे डोळ्यांना सुखविणारी डाळ पोटास कमी देते.

दुसरा प्रश्न माणसांचा आहे. डाळमिलमध्ये ओळीने बसून डाळ निवडण्याचे काम पुष्कळ स्त्रिया करीत. रंग ओळखणारे यंत्र आले आणि त्यांपैकी अनेकींची मजुरी गेली. ज्या कौशल्याची नक्कल यंत्राने केली, ते कौशल्य त्यांचेच होते. यंत्राने कष्ट वाचविले हे खरे. पण ज्यांचे कष्ट वाचले, त्यांच्या घरची चूलही पेटती राहावयास हवी.

यासाठी यंत्र नेहमी मोठेच असावे लागते असे नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावात चालविता येईल अशी लहान डाळमिल तयार केली. महाराष्ट्रात काही ठिकाणी स्त्रियांचे बचतगट अशा लहान मिल चालवितात. तेथे गावची तूर गावातच भरडली जाते, कळणा गावच्या गुरांना मिळतो आणि तुरीऐवजी डाळ विकल्याने दोन पैसे अधिक हाती येतात. जाते ओढणारी स्त्री येथे यंत्राची चालक होते. रूळ किती घासावयाचा, हे ठरविणारी तीच असते.